वऱ्हाडचे प्रतिनिधी : लोकनायक बापूजी अणे

यवतमाळ म्हटले की आज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : कापूस आणि कर्जापायी जीव देणारा शेतकरी. मुंबईपासून दूर, नागपूरच्याही सावलीत राहिलेला हा जिल्हा. त्याचे म्हणणे कुणी ऐकत नाही, अशी तिथल्या माणसाची जुनी तक्रार आहे आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु याच जिल्ह्याने एकेकाळी दिल्लीला असा एक माणूस दिला होता, की जो मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडच्या वतीने उभा राहून बोलू लागला म्हणजे सरकारी बाकांनाही लक्ष द्यावे लागे. त्यांचे नाव माधव श्रीहरी अणे. महाराष्ट्र त्यांना लोकनायक बापूजी अणे म्हणून ओळखतो. निदान ओळखत होता.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. आज वणी कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असले, तरी त्या काळी सगळा जिल्हाच ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ साली मिळाले. घरी विद्येचे वातावरण होते आणि संस्कृतचे संस्कार बालपणापासूनचे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. पुढे काही वर्षे त्यांनी अमरावतीत शिक्षकाचे काम केले आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळात वकिलीला बसले. हे तेच वर्ष, ज्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठविण्यात आले. वऱ्हाडातील शिकलेल्या तरुणांवर त्या घटनेचा केवढा आघात झाला असेल, याची कल्पना आज करणे अवघड आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे जिवलग सहकारी. त्यांच्या छायेत वऱ्हाडचे राजकारण वाढत होते आणि अणे त्याच परंपरेत घडले. होमरूलच्या चळवळीत ते पुढे आले. यवतमाळात ‘लोकमत’ नावाचे पत्र १९१८ च्या सुमारास निघाले, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. हे नाव पुढे जवाहरलाल दर्डा यांनी पुन्हा वापरात आणले आणि १९७१ मध्ये नागपुरातून त्याचे दैनिक झाले, हे वाचकांना ठाऊक असेलच.

येथे थोडे थांबून वऱ्हाडच्या एका विचित्र स्थितीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण त्यावाचून अण्यांचे पुढील जीवन नीट समजत नाही. वऱ्हाड हा मुलूख कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हता! तो हैदराबादच्या निजामाचा. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी करार करून, वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात, तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. दुसऱ्याच वर्षी त्याला मध्यप्रांताशी जोडण्यात आले. राज्य इंग्रजांचे, मालकी निजामाची, कारभाराचे ठाणे नागपूर आणि लोकांची भाषा मराठी, असा हा चौरंगी संसार होता. आपले मालक नेमके कोण, हा प्रश्न वऱ्हाडी माणसाच्या मनात शंभर वर्षे घोळत राहिला, तो उगाच नव्हे.

या स्थितीचा परिणाम निवडणुकीवरही झाला. १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये दिल्लीला मध्यवर्ती कायदेमंडळ स्थापन झाले, तेव्हा वऱ्हाडलाही एक जागा मिळाली. पण ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेरील मुलखातून सभासद निवडून कसा घ्यावयाचा? त्यावर सरकारने शोधलेली तोड मोठी गमतीची होती. वऱ्हाडच्या मतदारांनी रीतसर निवडणुकीने एका माणसाची निवड करावयाची आणि मग गव्हर्नर जनरलने त्याच माणसाची नेमणूक करावयाची. म्हणजे लोकांच्या मतांवर आलेला गृहस्थ कागदोपत्री मात्र सरकारनियुक्त! त्यामुळेच कायदेमंडळाच्या कामकाजाच्या जुन्या वृत्तांतांत अण्यांच्या नावापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ अशी नोंद आढळते. ही उपाधी तांत्रिक कारणाने चिकटलेली असली, तरी मला ती त्यांच्या सर्व आयुष्याला लागू पडणारी वाटते.

१९२४ च्या आरंभी ते स्वराज्य पक्षाच्या बाजूने प्रथम या सभागृहात गेले. गांधीजींचे नेतृत्व त्यांनी मानले, तुरुंगही भोगला. पण मनाने ते टिळकांचेच राहिले. सरकार जेवढे देईल तेवढे घ्यावे, त्याचा उपयोग करून उरलेल्यासाठी भांडावे, आणि सरकार जसे वागेल तसे आपण त्याच्याशी वागावे, ही टिळकांची शिकवण. तिलाच प्रतियोगी सहकारिता असे नाव पडले. १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांत सरकारात कार्यकारी मंडळाचे पद स्वीकारले आणि स्वराज्य पक्षात फूट पडली. केळकर, जयकर, डॉ. मुंजे आणि अणे हे प्रतियोगी सहकारितेच्या बाजूने उभे राहिले. मोतीलाल नेहरूंना हे मुळीच रुचले नाही. तरीदेखील १९२८ साली स्वराज्याच्या घटनेचा आराखडा करण्यासाठी मोतीलालजींच्या अध्यक्षतेखाली जी समिती बसली, तिच्यात अणे होते. त्या काळचे मतभेद माणसांना एका टेबलाभोवती बसू देत असत.

मग १९३० साल आले. गांधीजी दांडीला मीठ उचलून मोकळे झाले. पण विदर्भात समुद्र कोठून आणावयाचा? अकोल्याजवळ दहीहंडा येथे खारट पाण्याच्या विहिरी होत्या, तेथे काही दिवस मीठ तयार करण्यात आले. यवतमाळ जिल्ह्यात तेही साधन नव्हते. होते ते जंगल. सागवानाचे, गवताचे, आणि सरकारने राखीव करून टाकलेले. ज्या रानात बापजाद्यांनी गुरे चारली, सरपण गोळा केले, त्याच रानात पाऊल टाकण्यासाठी परवाना आणि चराईचा कर! मिठाचा कायदा सर्वांनाच जाचत होता, परंतु जंगलचा कायदा शेतकऱ्याला आणि आदिवासीला रोज सकाळी गुरे सोडताना जाचत होता. हे अण्यांनी अचूक हेरले. त्यांनी कायदेमंडळाची जागा सोडली आणि जुलै १९३० मध्ये पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. पन्नाशीला आलेला, संस्कृत ग्रंथांत रमणारा वकील विळा घेऊन गवत कापतो आहे, हे दृश्य त्या भागातील लोकांनी पुढे कितीतरी वर्षे मनात जपले. जंगल सत्याग्रहाचे लोण मग मध्यप्रांतभर पसरले. डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनीही त्याच महिन्यात यवतमाळजवळच जंगल सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. माझ्या मते अण्यांच्या दीर्घ कारकिर्दीतील हा सर्वात तेजस्वी काळ. जिल्ह्याचे दुःख आणि देशाचा लढा यांची गाठ त्यांनी गवताच्या पेंढीने बांधली.

१९३३ मध्ये मोठमोठे पुढारी बंदिवासात असताना काँग्रेसच्या हंगामी अध्यक्षपदाची धुरा त्यांच्यावर आली. काम कठीण आणि अप्रिय होते. चळवळ थकली होती. पुण्यास कार्यकर्त्यांची बैठक झाल्यावर जुलैमध्ये सामुदायिक कायदेभंग तहकूब करण्याची घोषणा अण्यांना करावी लागली. लढाई सुरू करणाऱ्याचे पोवाडे गातात. ती थांबविणाऱ्याच्या वाट्याला बोल येतात. अण्यांच्या वाट्याला ते आले.

पुढच्याच वर्षी ते काँग्रेसपासून दूर झाले. कारण होते जातीय निवाडा. १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वेगवेगळे मतदारसंघ जाहीर केले होते. काँग्रेसने हा निवाडा स्वीकारलाही नाही आणि नाकारलाही नाही. पंडित मदनमोहन मालवीय आणि अणे यांना हे धोरण बोटचेपे वाटले. दोघांनी मिळून १९३४ मध्ये काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. निवडणुकीत पक्षाला थोड्याच जागा मिळाल्या, पण सभागृहात त्याचे नेतृत्व अण्यांनी केले.

या वादाचा आपल्या समाजाशीही संबंध आहे, म्हणून दोन शब्द. त्या निवाड्याने काही प्रांतांत भारतीय ख्रिस्ती समाजालाही स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. अणे ज्या बाजूने त्याकडे पाहत होते, ती बहुसंख्याकांची बाजू होती. हिंदू महासभेशीही त्यांचे संबंध होते, आणि त्यांचे सर्वच विचार आपल्याला पटावेत असे नाही. परंतु स्वतंत्र मतदारसंघ समाजासमाजांत भिंती उभ्या करतील, ही त्यांची भीती चूक म्हणता येणार नाही. संविधान सभेत बंगालचे डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी आणि मद्रासचे येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोजा यांनी ख्रिस्ती समाजाच्या वतीने जी भूमिका घेतली, तीत वेगळ्या मतदारसंघाचा आणि राखीव जागांचा आग्रह उरला नव्हता. एका टोकाला टिळकपंथी सनातनी ब्राह्मण आणि दुसऱ्या टोकाला एक जेझुइट पाद्री; निघाले वेगवेगळ्या दारांनी, पण पोहोचले एकाच अंगणात. असो.

आता कथेच्या त्या भागाकडे वळले पाहिजे, जो अण्यांचे चाहते घाईने ओलांडून जातात.

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार केला आणि अण्यांनी त्यात जागा स्वीकारली. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभागृह नेते म्हणूनही तेच बसू लागले. काँग्रेसने या विस्तारावर बहिष्कार टाकला होता. अण्यांचे म्हणणे जुनेच होते : मिळालेली जागा घ्यावी आणि आतून लोकांचे काम करावे. काम तर खरेच होते. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तेव्हा लाखो भारतीय रानावनांतून, डोंगरांतून पायी आसाम-बंगालकडे निघाले. वाटेत कितीतरी दगावले. या निर्वासितांचा प्रश्न अण्यांच्याच खात्याकडे होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ची हाक उठली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातील चिमूर गावी जमावावर गोळीबार झाला. चिडलेल्या जमावाने काही सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. त्यानंतर लष्कर आणि पोलीस गावात शिरले. पुरुषांना पकडून नेले आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. वणी आणि चिमूर ही गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत. अण्यांच्या दृष्टीने हा परमुलूख नव्हता. शेजारच्या आळीतील आकांत होता.

सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी नोव्हेंबरच्या आरंभी दिल्लीला अण्यांच्या निवासस्थानी जाऊन थडकले. हा मनुष्य विलक्षण. मौन पाळण्यासाठी त्यांनी एकदा आपले ओठ तांब्याच्या तारेने शिवून घेतले होते, असे सांगतात. त्यांची मागणी साधी होती : आपण सरकारात आहात, आपल्याच भागातील स्त्रियांची विटंबना झाली आहे, आपण स्वतः चिमूरला चला, नाही तर चौकशी तरी करवा. अण्यांनी आपली असमर्थता सांगितली. तेव्हा भन्साळींनी त्यांच्या दारातच अन्नत्याग आरंभिला. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला आणून सोडले. ते पायी चिमूरकडे निघाले, पुन्हा पकडले गेले, पुन्हा निघाले. त्यांच्या उपवासाची बातमी छापण्यास सरकारने मनाई केली, तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी निषेध म्हणून आपला अंकच काढला नाही. अखेर १२ जानेवारीला, त्रेसष्ट दिवसांनंतर, तडजोड होऊन उपवास सुटला.

अण्यांच्या मनात त्या दोन महिन्यांत काय चालले असेल? उपवास ही गोष्ट आपल्याला परकी नाही, पण दुसऱ्याच्या उंबरठ्यावर केलेला उपवास हा त्या घराच्या धन्याला विचारलेला प्रश्न असतो. अण्यांना त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. खुर्ची मिळाली, परंतु तिच्या हातात पोलीस आणि लष्कर नव्हते, ही त्यांची अडचण खरी. तथापि चिमूरला जाण्यासाठी हातात लष्कर असण्याची गरज नव्हती. तेवढे त्यांनी करावयास हवे होते, असे मला वाटते. ज्याने पुसदच्या रानात विळा हाती घेतला, त्याच्याकडून ही अपेक्षा जास्तीची म्हणता येणार नाही.

पुढील महिन्यात गांधीजींनी आगाखान महालात एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३. सरकार त्यांना सोडावयास तयार नव्हते; त्यांचा अंत झाला तरी चालेल, अशीच व्हाइसरॉयची वृत्ती दिसत होती. १७ फेब्रुवारीला अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. हा निर्णय सोपा नव्हता आणि त्याचे मोलही मोठे आहे. भन्साळी त्यांच्या दारातून उचलले गेले होते, ही आठवण त्या राजीनाम्यामागे होती का, हे कुणी सांगावे? मी ती नव्हती असे मानावयास तयार नाही.

पण त्याच वर्षी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले, तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न तेथे पेटलेला होता. १९४७ पर्यंत त्यांनी तेथे काम पाहिले. मग काही काळ संविधान सभेचे सदस्यत्व, आणि जानेवारी १९४८ पासून जून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपालपद. या काळावर विस्ताराने लिहिण्याजोगे फारसे नाही. राज्यपालाच्या नोकरीत तसे थोडेच असते.

बहात्तराव्या वर्षी असा माणूस घरी येऊन पोथी वाचीत बसतो. अणे वाचीत बसलेच, लिहीतही बसले. टिळकांच्या जीवनावर ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे प्रचंड संस्कृत काव्य त्यांनी हाती घेतले. पण एक जुने ऋण मनात सलत होते. मराठी मुलखाची फेरजुळणी चालली होती. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला आणि विदर्भाला न्याय्य वाट्याची, तसेच वर्षातून एका अधिवेशनाची आश्वासने मिळाली. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे, अशी स्पष्ट शिफारस केली. आयोगाच्या इतर अनेक शिफारशी अमलात आल्या. ही आली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात घातला गेला. निजाम, इंग्रज, नागपूर आणि आता मुंबई! वऱ्हाडच्या मालकांच्या यादीत आणखी एक नाव वाढले, असे तिकडच्या पुष्कळांना वाटले. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या भावना आपल्याला जवळच्या आहेत. पण त्याच वेळी त्याच भाषेत बोलणारी माणसे वेगळे काही मागत होती, हेही सांगितले पाहिजे.

१९५९ मध्ये नागपूरची लोकसभेची जागा रिकामी झाली. ती होती अनसूयाबाई काळे यांची. चिमूर आणि आष्टीच्या खटल्यांत फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचविण्यासाठी ज्या बाईंनी जिवाचे रान केले होते, त्याच या अनसूयाबाई. त्यांच्या जागेसाठी ऐंशीच्या उंबरठ्यावरचे बापूजी अणे अपक्ष म्हणून, नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर उभे राहिले आणि निवडून आले. ज्या माणसाने इंग्रजी अमदानीत ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ म्हणून दिल्लीत पाऊल ठेवले होते, तो पस्तीस वर्षांनी स्वतंत्र भारताच्या लोकसभेत पुन्हा तेच गाऱ्हाणे घेऊन गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, विदर्भासह. अण्यांचा पराभव झाला असे म्हणावे, तर १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नागपूरकरांनी त्यांनाच, पुन्हा अपक्ष म्हणून, निवडून दिले. तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. राज्य मिळाले नाही, पण मागणाऱ्यावरचा लोकांचा विश्वास उडाला नव्हता.

बापूजी २६ जानेवारी १९६८ रोजी निवर्तले. त्याच वर्षीच्या पद्मविभूषणाच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे, आणि टिळकांवरील त्यांच्या काव्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. ‘अर्णव’ म्हणजे समुद्र. ज्याच्या जिल्ह्याला मिठासाठी समुद्र नव्हता, त्याने शब्दांचा एक समुद्र मागे ठेवला. तो वाचणारे मात्र आता फार थोडे.

नागपूरने पुढे पुन्हा एकदा यवतमाळच्याच माणसाला दिल्लीला धाडले. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्राच्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तिघांत नागपूरहून फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर आलेले जांबुवंतराव धोटे होते. विधानसभा दणाणून सोडणारे धोटे आणि संस्कृत श्लोक रचणारे अणे यांच्या स्वभावात जमीनअस्मानाचे अंतर होते, मागणी मात्र एकच. धोटे १९८० मध्ये इंदिराजींच्या काँग्रेसमधून पुन्हा निवडून आले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांनीही वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरला. ते राज्याचे महाधिवक्ता असताना त्यांच्या अशाच वक्तव्यांवरून वादळ उठले आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. समतोल विकासासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

आणि वणी? मतदारसंघांच्या २००८ च्या फेररचनेनंतर वणी विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी यवतमाळात मोडत नाही. तो चंद्रपूरला जोडलेला आहे. बापूजींच्या गावचा मतदार आज खासदार निवडतो तो शेजारच्या जिल्ह्याच्या नावाने. चिमूरचे नाव मात्र गडचिरोलीच्या जोडीने लोकसभेच्या मतदारसंघांच्या यादीत आहे.